पैसा फंडाची काच आणि भ्रमणध्वनीचा पडदा

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे नावाचे एक ध्येयवेडे गृहस्थ महाराष्ट्रात गावोगावी हिंडत असत. प्रत्येक देशबांधवाने निदान एक पैसा द्यावा आणि अशा पैशापैशांतून देशी उद्योग उभा राहावा, एवढीच त्यांची मागणी होती. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेच्या पाठीशी आपले बळ उभे केले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांची विद्या त्याला लाभली. या कारखान्याचे वैशिष्ट्य असे की, तेथे काच तयार होत होती आणि काच तयार करणारी माणसेही तयार होत होती. कारखाना हीच शाळा होती. स्वदेशी म्हणजे परकीय कापडाची होळी एवढेच ज्यांना आठवते, त्यांनी तळेगावच्या या भट्टीचे स्मरण अवश्य ठेवावे. बहिष्कार एका दिवसात पुकारता येतो. विद्या संपादन करून वस्तू घडवणे आणि ती बाजारात टिकवणे यांसाठी वर्षे द्यावी लागतात.

या इतिहासाची आज आठवण होण्याचे कारण हातातल्या काचेत आहे. त्या काळी भट्टीतून निघणारी काच कंदिलाला लागत असे. आजची काच प्रत्येकाच्या खिशात आहे आणि आपले व्यवहार, वाचन, प्रवास, देवदर्शन, औषधोपचार, मुलांचा अभ्यास असे सारेच तिच्या पलीकडून चालते. त्या काचेवरच्या छोट्या छोट्या चौकोनांना आपण 'अ‍ॅप' म्हणतो. ही अ‍ॅप्स कोण घडवतो, त्यांचा मोबदला कोणाला मिळतो आणि ती आपल्यापर्यंत कोणाच्या परवानगीने पोहोचतात, या तीन प्रश्नांचा विचार स्वदेशीचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे. विशेषतः ज्या तरुणाला कोणाची चाकरी न करता, आपल्याच घरात बसून, आपल्याच बुद्धीच्या बळावर या क्षेत्रात उभे राहायचे आहे, त्याच्या वाटेवर काय काय आहे हे समाजाने समजून घेतले पाहिजे.

आधुनिक विश्वकर्मा

भारतीय अर्थजीवनाचा विचार करताना दत्तोपंत ठेंगडी यांनी मालक आणि मजूर या पाश्चात्त्य द्वंद्वाच्या बाहेर असलेल्या एका मोठ्या वर्गाकडे आपले लक्ष वेधले. जो कोणाचा नोकर नाही आणि ज्याने कोणाला नोकर ठेवलेले नाही, जो स्वतःची हत्यारे, स्वतःचे कौशल्य आणि स्वतःचे कुटुंब यांच्या आधारावर काम करतो, असा हा स्वयंरोजगारी वर्ग. त्याला त्यांनी 'विश्वकर्मा क्षेत्र' म्हटले. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, विणकर हे त्याचे परंपरागत प्रतिनिधी होते. यंत्रयुगाने त्यांच्या हातातील हत्यारे काढून घेतली आणि त्यांना कारखान्याच्या दारात उभे केले, ही गेल्या दोन शतकांची कथा आहे.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र इतिहासाने उलटी कूस बदलली. येथे भट्टी नको, जमीन नको, कच्चा माल नको. एक बऱ्यापैकी संगणक, वीज, आंतरजालाची जोडणी आणि एकाग्र चित्त एवढ्या भांडवलावर एक माणूस अशी वस्तू घडवू शकतो की, जी सावंतवाडीत बनली आणि सिंगापुरात वापरली गेली. स्वतंत्र अ‍ॅप विकसक हा खऱ्या अर्थाने आधुनिक विश्वकर्मा आहे. माहिती तंत्रज्ञानातील आपल्या प्रगतीचा आपण अभिमान बाळगतो. परंतु त्या प्रगतीचा फार मोठा भाग परकीय कंपन्यांची कामे पार पाडण्याचा आहे. पुण्यातील हिंजवडीत रोज सकाळी हजारो बुद्धिमान तरुण कामावर जातात. त्यांच्या कष्टांविषयी आदरच आहे. पण त्यांच्यातील किती जणांच्या नावावर स्वतःने घडवलेली एखादी वस्तू आहे? मजुरी उत्तम मिळते म्हणून मालकीचा विचारच सोडून द्यावा, हे स्वाभिमानी समाजाचे लक्षण नव्हे.

विद्या आता कुलूपबंद नाही

ही विद्या शिकायला महागडे वर्ग लावावे लागतात, हा पहिला गैरसमज. अँड्रॉइडसाठी अ‍ॅप बनवण्याचे गूगलचे साधन विनामूल्य मिळते. कोटलिन ही त्यासाठीची भाषा, आयफोनसाठीची स्विफ्ट, आणि एकदाच लिहून दोन्हींकडे चालवता येईल अशी फ्लटर वा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ही साधने, ही सारी शिकण्यासाठी साहित्य मोफत उपलब्ध आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाद्वारे संगणकाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकवण्याचे मोलाचे काम केले आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता आज्ञावली लिहिण्यातही हात देऊ लागली आहे. जी चूक शोधण्यात पूर्वी दोन रात्री जात, ती काही वेळा दोन मिनिटांत सापडते.

मग अडते कोठे? अडते ते तडीस नेण्यात. दहा पाठ पाहून अकरावा शोधत राहणारे शिकाऊ विपुल आहेत. पहिले छोटे अ‍ॅप पूर्ण करून ते चार अनोळखी माणसांच्या हाती देणारे विरळा. शिकण्याची खरी रीत कारागिराचीच आहे. आधी एक साधी वस्तू संपूर्ण घडवावी, ती मोडावी, पुन्हा घडवावी. जी उसनी आज्ञावली आपल्याला कळलेली नाही ती आपल्या नावावर खपवू नये; कारण ती बिघडेल तेव्हा दुरुस्त करणारा कोणी नसेल. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या ओळींनाही हाच नियम लागू आहे.

राजस्थानातील अलवरचे गणित शिक्षक इम्रान खान यांचे उदाहरण येथे आठवते. त्यांनी स्वतःच ही विद्या शिकून विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक शैक्षणिक अ‍ॅप्स घडवली आणि ती विनामूल्य दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यांचा आवर्जून उल्लेख केला, तेव्हा देशाला त्यांचे नाव कळले. त्यांच्याजवळ ना मोठी कंपनी होती, ना गुंतवणूकदार. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांची गरज त्यांना ठाऊक होती, आणि तेच त्यांचे भांडवल होते.

आपल्या मुंबईतले उदाहरण याहून जवळचे आहे. सचिन टेके यांचे 'एम-इंडिकेटर' ठाऊक नसलेला लोकलचा प्रवासी विरळा. साध्या जावा फोनच्या काळात या अ‍ॅपने मुंबईकराच्या हाती लोकलचे वेळापत्रक दिले. पुढे बेस्टच्या बसमार्गांची आणि रिक्षा-टॅक्सीच्या भाड्याची माहितीही त्यात आली. आंतरजालाची जोडणी नसतानाही वेळापत्रक दिसावे, ही त्यातली मर्मदृष्टी. दादरच्या पुलावर गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला पुढची जलद गाडी किती वाजता आहे एवढेच हवे असते, हे कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याला कसे कळावे? ते मुंबईकरालाच कळले. स्वतंत्र विकसकाचे बळ येथेच आहे. मोठी कंपनी कोट्यवधींच्या सामाईक गरजा पाहते; आपल्या गल्लीतली, आपल्या भाषेतली, आपल्या व्यवसायातली गरज आपणच पाहू शकतो.

पंचांगाचे गणित

एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहू. आपल्या पंचांगातील तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतरावर ठरते; दर १२ अंशांना एक तिथी पूर्ण होते. दिवसाला मात्र सामान्यतः ती तिथी दिली जाते, जी त्या स्थानाच्या सूर्योदयाला चालू असते. आता मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सुमारे सव्वासहा अंशांचा फरक आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्योदयात सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर पडते. याच पंचवीस मिनिटांत एखादी तिथी संपली, तर दोन नगरांचा हिशेब वेगळा होऊ शकतो. मग अमेरिकेतील न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची काय कथा! इथून नेलेल्या दिनदर्शिकेवरची एकादशी तिथल्या सूर्योदयाला कधी कधी एक दिवस अलीकडे सरकलेली असते.

हे गणित जाणणारा आणि आज्ञावली लिहू शकणारा एखादा तरुण स्थानानुसार अचूक पंचांग, त्यावर आपल्या कुलाचार-व्रतांच्या नोंदी, आई-वडिलांच्या तिथीचे स्मरण आणि सगळे शुद्ध, सुवाच्य मराठीत, अशी वस्तू घडवू शकतो. पंचांगाची अ‍ॅप्स बाजारात पुष्कळ आहेत. परंतु ज्यात जाहिरातींचा भडिमार नाही, ज्यातील मराठी यंत्राने ओढूनताणून भाषांतरलेले नाही आणि ज्याचे गणित विश्वासार्ह आहे, अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळणार नाही काय? शेतकऱ्याची फवारणीची वही, कीर्तनकाराची टिपणे, सहकारी गृहरचना संस्थेचा हिशेब, वारकऱ्याच्या दिंडीचे मुक्काम अशी किती क्षेत्रे अजून कोणी नीट हाताळलेलीही नाहीत.

विकण्याची लाज

आता कटू विषयाकडे यावे लागते. मराठी माणूस उत्तम वस्तू घडवतो आणि ती विकताना संकोचतो. 'माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपोआप येईल' हे वाक्य आपण नीतिवचनासारखे उच्चारतो. ज्या दुकानात लाखो वस्तू रचलेल्या आहेत, तेथे आपोआप काहीही घडत नाही. १० जुलै २००८ रोजी अ‍ॅपलचे अ‍ॅप दुकान उघडले तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप्स होती. त्या काळी नुसते मांडले तरी कोणाच्या तरी दृष्टीस पडत असे. तो काळ सरला.

जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले, तेव्हा पंचांग जाणणारे विद्वान महाराष्ट्रात थोडे नव्हते. पण पोथीतील ते ज्ञान गृहिणीला दुधाच्या हिशेबाशेजारी, एका दृष्टिक्षेपात दिसेल अशा रूपात भिंतीवर आणण्याची दृष्टी त्यांच्याजवळ होती. आणि आपली वस्तू घराघरांत पोहोचवण्यासाठी जाहिरात करण्यात त्यांनी कधी कमीपणा मानला नाही. ज्ञान, मांडणी आणि विक्री या तिन्हींचा तेथे संगम झाला. आपल्या तरुण विकसकाने हा धडा गिरवला पाहिजे.

त्याची रीत अवघड नाही. ती चिकाटीची आहे. अ‍ॅप बनवण्याआधीच ज्यांच्यासाठी ते आहे अशा दहा-वीस माणसांना प्रत्यक्ष भेटावे आणि आपले सांगण्याआधी त्यांचे ऐकावे. दुकानातील अ‍ॅपचे नाव आणि वर्णन असे लिहावे की, शोधणारा माणूस ज्या शब्दांनी शोधतो ते शब्द त्यात असतील. आणि मराठी माणसासाठी केलेल्या अ‍ॅपचे वर्णन शुद्ध मराठीत असावे. पहिली चित्रे स्पष्ट असावीत, कारण बहुतेक लोक वर्णन वाचतच नाहीत. आलेल्या प्रत्येक तक्रारीला सौजन्याने उत्तर द्यावे. महिन्या-दोन महिन्यांनी सुधारणा करीत राहावे. ज्या दुकानाची फळी वर्षभर उघडत नाही त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

संघटनेच्या कार्यात वाढलेल्या वाचकाला यात नवे असे काय वाटेल? यालाच आपण संपर्क म्हणतो. घरोघरी जाणे, नावाने ओळखणे, पुन्हा भेटणे, आणि ज्याला गोडी लागली त्याच्याकरवी दुसऱ्यापर्यंत पोहोचणे ही आपली जुनी कार्यपद्धती आहे. गूगलने नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यांसाठी असा नियम केला की, अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी ठरावीक संख्येच्या लोकांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी घेतली पाहिजे. आरंभी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ करण्यात आली. कित्येक एकाकी विकसक या अटीपाशी हताश होतात. खरे तर हीच परीक्षा त्यांना उपकारक आहे. ज्याला आपल्या वस्तूसाठी बारा माणसे जमवता येत नाहीत, त्याला बारा हजार कशी जमणार?

हिशेबही मनाशी स्पष्ट हवा. समजा, एखाद्या उपयुक्त अ‍ॅपसाठी वर्षाला ३०० रुपये देणारे ३,००० ग्राहक मिळाले. एकूण ९ लाख रुपये झाले. दुकानदाराचे १५ टक्के, म्हणजे १ लाख ३५ हजार वजा जाता ७ लाख ६५ हजार उरतात. कर त्यातून भरायचा. गावात राहून, कोणाची मिनतवारी न करता मिळालेले हे उत्पन्न सन्मानाचे आहे. तीन हजार माणसे म्हणजे काही अफाट संख्या नव्हे. पण ती पैसे देणारी असावी लागतात. फुकट अ‍ॅप देऊन जाहिरातींवर जगायचे ठरवले, तर लाखो वापरकर्ते लागतात, आणि त्यांचे लक्ष विकावे लागते. पुढची पायरी त्यांची खासगी माहिती विकण्याची असते. ज्याने आपल्यावर विश्वास ठेवून खिशातला फोन आपल्यापुढे उघडला, त्याचा असा सौदा करणे हा विश्वासघात आहे. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी आपला धर्म बदलला नसता.

दाराची किल्ली

विद्या मिळवली, वस्तू घडवली, गिऱ्हाईकही जोडले; तरी दार आपले नाही. बहुसंख्य भारतीयांच्या हातात अँड्रॉइडचे फोन आहेत आणि त्यांतील अ‍ॅपचे प्रमुख दुकान गूगलचे आहे. आयफोनचे दार अ‍ॅपलच्या ताब्यात आहे. प्रवेशशुल्क म्हणून अ‍ॅपल दरवर्षी ९९ डॉलर घेते, गूगल एकदाच २५ डॉलर. खरा प्रश्न हिश्श्याचा आहे. अ‍ॅपमधून होणाऱ्या विक्रीवर मूळ आकार ३० टक्के होता. जगभर ओरड झाल्यावर २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी लहान विकसकांसाठी, वर्षाला १० लाख डॉलरच्या मर्यादेत, तो १५ टक्क्यांवर आणला. ही सवलत स्वागतार्ह असली तरी तिच्यातून एक गोष्ट उघड झाली. दर ठरवणारा एकटा तो आहे, आणि देणाऱ्याला त्यात मत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन वेगवेगळ्या प्रकरणांत दंड केला. अँड्रॉइडमधील वर्चस्वाच्या दुरुपयोगासाठी १,३३७.७६ कोटी रुपये, आणि दुकानातील देयकपद्धतीच्या सक्तीसाठी ९३६.४४ कोटी रुपये. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये पहिला दंड कायम ठेवला, आयोगाच्या काही सूचना मात्र रद्द केल्या. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये सुमारे २१६ कोटींपर्यंत खाली आला. न्यायालयीन लढाया अशा वर्षानुवर्षे चालतात. दरम्यान, १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून गूगलने नोकरी, शादी, भारत मॅट्रिमनी यांसारख्या प्रस्थापित भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स आपल्या दुकानातून काढून टाकली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती काही दिवसांत परत आली. ज्यांच्यापाशी वकिलांची फौज आहे आणि ज्यांची दखल मंत्र्यांनी घेतली, त्यांची ही अवस्था! मग कणकवलीच्या एकट्या विकसकाचे अ‍ॅप एखाद्या सकाळी यांत्रिक निर्णयाने नाहीसे झाले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी?

पर्यायाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. फोनपेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी 'इंडस अ‍ॅपस्टोअर' सुरू केले. १२ भारतीय भाषांत चालणारे दुकान ही त्याची जमेची बाजू. मात्र फोनपेची बहुतांश मालकी अमेरिकेच्या वॉलमार्टकडे आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ नाव सिंधूचे असून भागत नाही; प्रवाह कोणाच्या शेतात जातो ते पाहावे लागते. याउलट २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने काय साधले ते पाहावे. देयकाचा राजमार्ग राष्ट्राचा, आणि त्यावर गाडी कोणीही चालवावी. अ‍ॅप वितरणालाही असाच राजमार्ग हवा. दक्षिण कोरियाने २०२१ मध्येच अ‍ॅप दुकानांनी स्वतःची देयकपद्धती लादण्यावर कायद्याने बंधन घातले. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला. लहान विकसकाला अ‍ॅप काढण्यापूर्वी सकारण सूचना मिळावी, भारतात, भारतीय भाषेत दाद मागण्याची सोय असावी आणि ग्राहकाला देयकाचा मार्ग निवडता यावा, एवढ्या तीन गोष्टी तरी कोणत्याही कायद्याने पदरात टाकल्या पाहिजेत.

तोवर विकसकाने सावधपणे वागावे. आपला सर्व संसार एका दारावर टांगू नये. आपले स्वतःचे संकेतस्थळ असावे, ग्राहकांच्या संमतीने त्यांचा संपर्क आपल्यापाशी असावा, आणि एका दुकानाने दार लावले तर दुसरीकडे जाता यावे अशी वस्तूची घडण असावी.

स्वदेशी म्हणजे सवलत नव्हे

गलवानमधील बलिदानानंतर २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि त्यानंतर लगेच आत्मनिर्भर भारत अ‍ॅप स्पर्धा जाहीर झाली. देशभर उत्साहाची लाट आली. त्या स्पर्धेत गौरवले गेलेले 'कू' हे समाजमाध्यम भारतीय भाषांच्या बळावर नावारूपाला आले. पण जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. बंदीने मोकळी झालेली जागाही पुष्कळशी अमेरिकी कंपन्यांनीच भरून काढली. या अनुभवाकडे पाठ फिरवून चालणार नाही. देशभक्तीच्या लाटेवर अ‍ॅप एकदा फोनवर उतरवले जाते. दुसऱ्या दिवशी ते उघडले जाते ते केवळ उपयोगासाठी. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला, तो स्वदेशी होता म्हणून आणि उत्तम जळत होता म्हणून. यांतले दुसरे कारण नसते तर पहिले फार काळ पुरले नसते. 'भारतीय' हे विशेषण गुणवत्तेची हमी वाटावे, दयेची याचना वाटू नये.

दुसरीकडे, यशस्वी होऊन विकले जाण्याचाही मोह आहे. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने 'व्हेअर इज माय ट्रेन' हे अ‍ॅप घडवले. आंतरजाल नसतानाही मोबाईल मनोऱ्यांच्या संकेतांवरून धावत्या गाडीचा ठावठिकाणा सांगणारी ती अस्सल भारतीय युक्ती होती. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. निर्मात्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्या श्रमाचे चीज झाले. पण भारतीय रेल्वेच्या प्रवाशासाठी भारतीयांनी घडवलेली वस्तू भारतीय हातांत राहावी एवढा मोबदला आपण ग्राहक म्हणून तिला दिला होता काय, हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागेल.

आपला एक पैसा

या प्रश्नापाशीच विषय येऊन थांबतो. चहाच्या टपरीवर आपण रोज काही रुपये खळखळ न करता देतो. चित्रपटगृहात चारशे रुपयांचे तिकीट काढतो. पण शेजारच्या तरुणाने वर्षभर खपून घडवलेल्या अ‍ॅपने शंभर रुपये मागितले की, आपली भुवई उंचावते आणि 'फुकट दुसरे आहे की' म्हणून आपण ते काढून टाकतो. त्या फुकटाची किंमत आपण आपल्या माहितीने, आपल्या लक्षाने आणि आपल्या मुलांच्या वेळाने मोजत असतो. ती खिशातून जात नाही म्हणून जाणवत नाही, इतकेच. फुकट मागणाऱ्या समाजाला मालकी मिळत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. या महिन्यात आपल्या फोनमधील एक तरी अ‍ॅप असे शोधा, जे एखाद्या भारतीय स्वतंत्र विकसकाने घडवले आहे आणि जे आपल्याला खरोखर उपयोगी पडते. त्याचे मूल्य चुकते करा. त्याला चार ओळींचा प्रामाणिक अभिप्राय मराठीत लिहा. चूक दिसली तर तीही स्नेहाने कळवा. आपल्या शाळा, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळे आणि सेवाप्रकल्प यांना लागणारी छोटी अ‍ॅप्स बड्या कंपनीकडून घेण्यापूर्वी तालुक्यातल्या होतकरू तरुणाला विचारा, आणि त्याच्याकडून फुकट सेवेची अपेक्षा न धरता योग्य मोबदला द्या. ज्या तरुणाला ही वाट धरायची आहे त्याच्या घरच्यांनी त्याला 'नोकरी कधी लागणार?' असे दर आठवड्याला विचारण्याऐवजी एक-दोन वर्षांची सवड द्यावी. आणि त्यानेही त्या सवडीचा हिशेब दर महिन्याला काहीतरी पूर्ण करून द्यावा.

अंताजीपंत काळे पैसा मागत फिरले तेव्हा अनेकांनी त्यांची थट्टा केली असेल. एका पैशाने काय होणार, असे त्यांना विचारले गेले असेल. तळेगावच्या भट्टीने त्याचे उत्तर दिले. आज तो पैसा द्यायला रांगेत उभे राहावे लागत नाही. यूपीआयने अंगठ्याच्या एका स्पर्शावर तो जातो. विद्या खुली आहे, बुद्धी आपली आहे, बाजार आपल्या घरातच आहे. उणीव आहे ती घडवणाऱ्याच्या चिकाटीची आणि वापरणाऱ्याच्या कृतज्ञतेची. त्यांपैकी दुसरी तर आजच, याच क्षणी, आपण भरून काढू शकतो.